पाणी न गळणारी टोपली: त्लिंगित आणि हायडा बायकांचं स्प्रूसच्या मुळांचं विणकाम

टोपलीत पाणी भरून त्यात मासे शिजवता येतात, हे ऐकून पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही. पण अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या त्लिंगित या मूळनिवासी समाजातल्या बायका आणि त्यांच्या दक्षिणेकडच्या शेजारणी, हायडा समाजातल्या बायका, हेच करत आल्या होत्या. टोपली अर्थातच विस्तवावर ठेवत नसत. दगड निखाऱ्यांत चांगले तापवायचे, लाकडी चिमट्यानं उचलायचे आणि टोपलीतल्या पाण्यात सोडायचे. गार झालेला दगड बाहेर काढून तापलेला आत टाकत राहिलं की थोड्याच वेळात पाणी खळखळायला लागतं. या टोपलीला राळेचा किंवा डिंकाचा लेप नसतो, आतून कातडंही लावलेलं नसतं. पाणी अडवतं ते फक्त स्प्रूस नावाच्या झाडाच्या मुळांचं विणकाम.

इतकं घट्ट काम होतं तरी कसं, हे समजून घ्यायचं तर विणीपासून सुरुवात करून चालत नाही. जमिनीपासून करावी लागते. या कलेचं निम्म्याहून जास्त काम टोपली विणायला घेण्याआधीच झालेलं असतं, असं माझं मत आहे. संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात नेमका तोच भाग दिसत नाही.

आधी थोडा भूगोल. त्लिंगित लोकांचा मुलूख म्हणजे अलास्काची ती खाली लोंबणारी चिंचोळी पट्टी: उत्तरेला याकुटाट, मधे जुनो आणि सिटका, दक्षिणेला केचिकान. हायडा लोक मुख्यतः कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या हायडा ग्वाय बेटांवर राहतात. २०१० पर्यंत अधिकृत नकाशांत या बेटांचं नाव ‘क्वीन शार्लट आयलंड्स’ असं होतं. काही हायडा कुटुंबं फार पूर्वीच उत्तरेला सरकून अलास्कातल्या प्रिन्स ऑफ वेल्स बेटावर स्थायिक झाली. तिथलं हायडाबर्ग हे त्यांचं गाव.

हा सगळा पावसाचा प्रदेश आहे. केचिकानला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत पडून मोकळा होत नाही, वर्षभर रिपरिपत राहतो. अशा दमट हवेत मातीची भांडी करायची रीत या किनाऱ्यावर रुजलीच नाही. साठवण आणि स्वयंपाक या दोन्हींसाठी लोकांकडे दोनच गोष्टी होत्या. एक, सीडर नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची फळी वाफेवर वाकवून केलेल्या पेट्या. हे काम पुरुषांचं. दुसरी, मुळांच्या टोपल्या. हे काम बायकांचं. बेरी तोडायला गळ्यात अडकवायची लहान परडी, ती भरली की रिकामी करायची पाठीवरची मोठी टोपली, चमचे ठेवायची सपाट पिशवी, माशाचं तेल गाळायची गाळणी, पाऊस अडवणारी टोपी, बाळाचा पाळणासुद्धा याच मुळांचा. १९९४ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स बेटावर थॉर्न नदीच्या मुखाशी चिखलात एक स्प्रूसच्या मुळांची टोपली सापडली. तिचं वय पाच हजार वर्षांहून अधिक निघालं.

आता झाड. सिटका स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष, पन्नास-साठ मीटर सहज वाढणारा. एवढं उंच झाड उभं असतं ते मात्र जमिनीच्या वरच्या थरात लांबवर पसरलेल्या मुळांवर. त्यातली जाड मुळं विणकरणीच्या कामाची नाहीत. तिला हवी असतात पेन्सिलीएवढी जाड, सरळ, फाटे न फुटलेली मुळं, जमतील तितकी लांब. ती कुठे मिळतात हे जमीन ठरवते. खडकाळ जागेत मूळ दगडांना वळसे घालत जातं, वाकडंतिकडं होतं, त्यावर गाठी येतात. दाट जंगलात शेजारच्या झाडांच्या मुळांत त्याचा गुंता होतो. समुद्राजवळच्या वाळूत किंवा नदीकाठच्या मऊ रेताड जमिनीत त्याला अडवणारं कुणी नसतं, ते सरळ पळत जातं, कधीकधी चार-पाच मीटर. म्हणून विणकरणींच्या घराण्यांत चांगल्या जागा माहीत असतात आणि त्या जागांबद्दल फार बोलायची पद्धत नाही. आपल्याकडे अळंब्यांच्या जागा कुणी सहजासहजी सांगत नाही, तसाच काहीसा प्रकार.

मुळं काढायचा हंगाम वसंतापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंतचा. त्या दिवसांत झाडात रस चढलेला असतो आणि मुळाची साल आतल्या काष्ठापासून सहज सुटते. वरचं शेवाळ आणि पाचोळा बाजूला करायचा, बोटांनी किंवा टोकदार काठीनं माती उकरत मुळाचा माग काढत जायचं. ओढायचं नाही. ओढलं की मूळ तुटतं किंवा आतून चिरतं आणि ती चीर नंतर विणताना उघडी पडते. एका झाडाची थोडीच मुळं घ्यायची, मग माती आणि शेवाळ पुन्हा जागच्या जागी दाबून बसवायचं. यात निसर्गपूजेचा भाव आहे आणि रोकडा व्यवहारही आहे: झाड जगलं तर पुढच्या काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा येता येतं.

खरी घाई यानंतर सुरू होते, कारण मूळ वाळलं की साल चिकटून बसते. म्हणून शक्यतो त्याच दिवशी किनाऱ्यावर जाळ करायचा आणि मुळं निखाऱ्यांवर भाजायची. किती भाजायची, हे घड्याळ सांगू शकत नाही. सालीखालचा रस तापून वाफ धरतो, साल फुगून सुटी होते, तोच क्षण पकडायचा. कमी भाजलं तर साल निघत नाही. जास्त भाजलं तर मूळ करपट होतं, त्याचा फिकट हस्तिदंती रंग जातो आणि ते ठिसूळ बनतं. मग जमिनीत रोवलेल्या काठीकडे वळायचं. काठीच्या वरच्या टोकाला उभी चीर दिलेली असते. गरम मूळ त्या फटीत धरून एका दमात ओढलं की साल मागे राहते आणि पुढे गुळगुळीत, ओलं, चमकदार मूळ हातात येतं. दिवसभर हे काम करणाऱ्या बाईच्या हाताला धुराचा आणि राळेचा वास लागतो आणि बोटं काळी पडतात.

सोललेली मुळं जाडीप्रमाणे वेगळी करून वेटोळी बांधून ठेवतात. अशी ती वर्षानुवर्षं टिकतात. विणायचं असेल तेव्हा पाण्यात भिजवायची आणि उभी चिरायची. हे काम मला सगळ्यात अवघड वाटतं. मुळाच्या जाड टोकाला नखानं किंवा सुरीनं चीर द्यायची, एक अर्धी पट्टी दातात धरायची, दुसरी हातात, आणि दोन्ही सारख्या जोरानं दूर न्यायच्या. पूर्वी शिंपल्याच्या धारेचा चाकू वापरत, आणि विणकरणी अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवत. चीर मधोमध पुढे जात राहिली पाहिजे. ती एका बाजूला सरकू लागली की एक पट्टी पातळ आणि दुसरी जाड होते. मग जाड बाजू जरा जास्त वाकवायची, म्हणजे चीर तिकडे वळते आणि पुन्हा मधे येते. वाचायला हे एक वाक्य आहे, हातात बसायला त्याला कैक हंगाम लागतात.

एका मुळातून तीन प्रकारचा माल निघतो. सालीलगतचा बाहेरचा थर सर्वांत चिवट आणि चकचकीत. त्याच्या बारीक पट्ट्या आडव्या विणीसाठी, म्हणजे बाण्यासाठी. त्याच्या आतला थर मंद, विनाचमक; तो उभ्या ताण्यासाठी. मधला गाभा टाकून द्यायचा. टोपली पुरी होईपर्यंत सगळ्या पट्ट्या एकाच जाडीच्या हव्यात, म्हणून त्या पुन्हापुन्हा खरवडून एकसारख्या करतात. कुठल्याही विणकरणीला विचारा, ती सांगेल की विणायला लागतो त्याहून जास्त वेळ या तयारीला जातो.

विणीकडे येऊ. आपल्या बुरडाची बांबूची टोपली डोळ्यांसमोर आणा. तिच्यात एक आडवी कामटी उभ्या कामट्यांच्या एकदा पुढून, एकदा मागून जाते. प्रत्येक ठिकाणी उभी आणि आडवी कामटी एकमेकींवर नुसत्या टेकलेल्या असतात, म्हणून मधे फट राहते, आणि धान्यासाठी ती चालते. स्प्रूसच्या टोपलीत आडवी पट्टी एक नसते, दोन असतात. एक उभ्या काडीच्या पुढून जाते, दुसरी मागून, आणि पुढच्या काडीकडे जाण्याआधी त्या एकमेकींना पीळ देऊन जागा बदलतात. आता मागची पुढे आणि पुढची मागे. प्रत्येक उभी काडी अशी दोन पदरांच्या पिळात आवळली जाते. ती सरकू शकत नाही. वर पुढची ओळ तितकीच घट्ट खाली दाबली की फटीला जागाच उरत नाही. शिवाय काम सुरू असताना सगळी मुळं ओली ठेवतात. टोपलीत पाणी भरलं की तंतू पाणी पिऊन फुगतात आणि उरलीसुरली छिद्रंही बुजतात. कोरडी पडलेली जुनी टोपली सुरुवातीला जराशी पाझरू शकते, मुरली की थांबते.

टोपलीची सुरुवात बुडाच्या मध्यापासून होते. काही उभ्या पट्ट्या एकमेकींवर आडव्यातिडव्या ठेवून त्यांना पिळात गुंफायचं, मग बाहेरच्या दिशेनं गोल गोल जात राहायचं. वर्तुळ मोठं होतं तसतशा उभ्या काड्यांमधली अंतरं वाढतात, तेव्हा मधे नव्या काड्या घालत जायचं. बूड हवं तेवढं झालं की काड्या वर वळवून भिंत उभारायची. साचा नसतो. आकार सगळा हाताच्या ओढीवर. एखादी ओळ जास्त आवळली तर तिथे भिंत आत खेचली जाते, सैल पडली तर फुगते.

विणीचे प्रकारही बरेच आहेत. वर सांगितलेली साधी पिळाची वीण. दोन-दोन काड्या एकत्र धरून पुढच्या ओळीत जोड्या बदलल्या की तिरप्या रेघा उमटतात. तीन पदरांचा पीळ मजबुतीसाठी, बूड संपून भिंत सुरू होते तिथे किंवा काठाजवळ. आणि एक मधली वीण, जिच्यात एक ओळ पिळाची आणि एक साध्या वर-खाली विणीची. तिनं माल वाचतो आणि काम लवकर उरकतं, म्हणून ती मोठ्या पण पाणी धरायची गरज नसलेल्या टोपल्यांत दिसते. बाकीचे बारकावे सोडून देतो, पण त्लिंगित बायकांची एक खासियत सोडता येणार नाही. टोपलीवर जे रंगीत नक्षीचे पट्टे असतात ते पाहून वाटतं की टोपली झाल्यावर सुईनं भरतकाम केलंय. तसं नसतं. विणता विणता, पुढून जाणाऱ्या प्रत्येक पट्टीभोवती गवताच्या रंगीत काडीचा एक वेढा दिला जातो. नक्षी फक्त बाहेरच्या बाजूला उमटते. टोपली उलटवून आत पाहिलं तर साधी मुळांची वीण, रंगाचा मागमूस नाही. नीट पाहिलं तर गवताचा वेढा मुळाच्या पिळाच्या उलट दिशेला कललेला दिसतो. म्हणजे नक्षी मनात आधीच पूर्ण हवी, ओळीतल्या कितव्या काडीला वेढा द्यायचा आणि कितव्याला नाही याच्या हिशेबासकट. कागदावर आराखडा काढायची सोय नव्हती.

गवत उन्हाळ्यात कापून, उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात पांढरं करत. काळ्या-जांभळ्या रेघांसाठी हंसराज नेच्याचा चकचकीत देठ तसाच वापरत, तो रंगवावा लागत नाही. पिवळा रंग एका दगडफुलासारख्या शेवाळातून यायचा, ते डोंगरापलीकडच्या लोकांकडून व्यापारात मिळे. जांभळा बेरीतून, तांबडा आणि तपकिरी हेमलॉक किंवा आल्डरच्या सालीतून. रंग पक्का करायला साठवलेलं मूत्र वापरत. वाचून नाक मुरडू नका. जगभरच्या रंगाऱ्यांनी तेच वापरलंय.

नक्षीला नावं असतात आणि ती ऐकताना मजा वाटते. सॅमनबेरी या रानातल्या बेरीचं अर्धं डोकं. लाकूडकिड्यानं पोखरलेली वाट. नेच्याचं पान. झाडाची सावली. हे सगळे त्रिकोण, चौकोन आणि नागमोडी रेघा. पण यातला एक महत्त्वाचा फरक ध्यानात घ्यायला हवा. त्लिंगित आणि हायडा समाजांत वंश आईकडून चालतो. मूल आईच्या कुळाचं. सगळी कुळं डोमकावळा आणि गरुड या दोन मोठ्या गटांत वाटलेली, आणि लग्न समोरच्या गटातच करायचं. प्रत्येक कुळाची आपापली चिन्हं असतात, अस्वल, देवमासा, बेडूक वगैरे, आणि ती त्या कुळाची मालमत्ता. दुसऱ्यानं ती वापरली तर तो मोठा अपराध. टोपलीवरच्या भूमितीच्या नक्ष्यांना मात्र ही मालकी लागू नव्हती. सॅमनबेरीचं डोकं कुठल्याही कुळातल्या बाईनं विणावं. म्हणून या नक्ष्या गावोगाव फिरल्या, आणि त्यावरून टोपली कुठल्या कुळाची हे ओळखता येत नाही.

कुळाचं चिन्ह यायचं ते टोपीवर. मुळांची रुंद काठाची टोपी पाऊस झेलायची, पण समारंभाच्या टोपीचं मोल वेगळंच. तिच्या शेंड्यावर मुळांचीच विणलेली कडी एकावर एक रचलेली असत, आणि ती कडी त्या घराण्याच्या मानाची खूण. टोपी विणायची बाईनं, तिच्यावर काळ्या आणि तांबड्या रंगात चिन्ह रंगवायचं पुरुषानं. यातलं सर्वांत प्रसिद्ध जोडपं हायडा ग्वायच्या मॅसेट गावचं: चार्ल्स एडनशॉ आणि त्यांची पत्नी इझाबेला एडनशॉ. चार्ल्स हे त्या काळातले नावाजलेले शिल्पकार, १९२० मध्ये वारले. इझाबेला १९२६ मध्ये. टोपीच्या मध्यावर लाल-काळी चार टोकांची चांदणी दिसली की जाणकार लगेच चार्ल्स यांचं नाव घेतात. टोपीच्या काठावरची ती उठावदार तिरपी वीण, जी फक्त उजेड बाजूनं पडला की दिसते, ती इझाबेलाची. ती उन्हाळ्यात मासे डबाबंद करायच्या कारखान्यात राबायची आणि हिवाळ्यात विणायची. अशा अनेक टोप्या अनेक वर्षं एकट्या चार्ल्स यांच्या नावावर मांडल्या गेल्या. ही अडचण फक्त तिच्यापुरती नव्हती. संग्राहकांनी टोपली घेताना गाव लिहिलं, तारीख लिहिली, स्वतःचं नाव तर लिहिलंच. विणणाऱ्या बाईचं नाव विचारायचं फारसं कुणाला सुचलं नाही. आज मोठमोठ्या संग्रहालयांतल्या बहुतेक जुन्या टोपल्यांखाली तिच्या नावाची जागा रिकामी आहे.

हायडा आणि त्लिंगित टोपलीतला फरक कसा ओळखायचा? हायडा बाई टोपली उलटी, बूड वर करून, खुंटीसारख्या आधारावर ठेवून विणते. त्लिंगित बाई सुलटी. वीण गोल गोल वर चढत जाते, त्यामुळे रंगाचा पट्टा जिथे सुरू होतो तिथे आणि जिथे संपतो तिथे एका ओळीची पायरी पडते. टोपली कशी धरून विणली यावर ती पायरी कुठल्या बाजूला चढते हे ठरतं. शिवाय हायडा कामात गवताची नक्षी कमी, रंगवलेल्या मुळांचे गडद पट्टे जास्त. हे नियम पोलादी नाहीत, कारण शेजारणी एकमेकींकडून शिकतातच.

या कलेच्या उगमाची त्लिंगित गोष्ट याकुटाटकडची आहे. तिथल्या एका देखण्या मुलीवर सूर्याचा जीव जडतो आणि तो तिला आकाशात घेऊन जातो. मुलंबाळं होतात, पण ती मुलं आईसारखी, पृथ्वीवरच्या माणसांच्या वळणाची. त्यांच्या काळजीत बसलेली ती सहज चाळा म्हणून हातातली मुळं एकमेकांत गुंफत जाते आणि तिच्या नकळत टोपली तयार होते. सूर्य ती टोपली मोठी करतो, मायलेकरं तिच्यात बसतात आणि ती अल्सेक नदीच्या परिसरात जमिनीवर उतरते. पहिली टोपली ती.

आता पैशाची बाजू, कारण तिच्याशिवाय टोपल्यांचं पुढचं रूप कळत नाही. १८६७ मध्ये अमेरिकेनं रशियाकडून अलास्का विकत घेतलं. व्यापाऱ्यांबरोबर लोखंडी आणि मुलामा दिलेली भांडी आली, आणि स्वयंपाकाच्या टोपलीची घरातली गरज संपली. नेमक्या त्याच सुमारास, १८८० च्या दशकात, पर्यटकांच्या आगबोटी सिटका, रँगल, जुनोच्या धक्क्यांना लागू लागल्या. धक्क्यावर त्लिंगित बायका घोंगड्या पांघरून ओळीनं बसायच्या, पुढ्यात टोपल्या. गिऱ्हाईक बदललं तशी वस्तूही बदलली. काचेच्या बाटलीवर विणलेलं आवरण, कपबशी, झाकणाचा डबा. झाकणाच्या मुठीत विणताना बारीक खडे किंवा शिशाच्या गोळ्या कोंडायच्या, म्हणजे उघडताना खुळखुळ वाजते. हा प्रकार पर्यटकांना फारच आवडला. बाजारात तयार रासायनिक रंग आले आणि जांभळ्या-हिरव्या-केशरी रंगांचा भडिमार सुरू झाला. अनेक अभ्यासक या टोपल्यांकडे नाक वर करून पाहतात, त्यांना ‘अस्सल’ फक्त जुन्या. मला ते पटत नाही. रंग बाटलीतला असला तरी मूळ तेच होतं, भाजणं आणि चिरणं तेच होतं, आणि त्या पैशावर देवीच्या साथींनी खिळखिळी झालेली घरं उभी राहिली. मोबदला मात्र मेहनतीच्या मानानं फारच कमी होता. म्हणूनच नंतरच्या पिढीतल्या मुलींनी कारखान्यातली मजुरी पत्करली आणि विणकरणींची संख्या रोडावत गेली. शाळांतून मुलांना त्यांची भाषा बोलायला बंदी होती, कॅनडात १८८५ पासून १९५१ पर्यंत पॉटलॅच हा कुळांचा मोठा दानसमारंभच कायद्यानं बंद होता. ज्या टोपीला घालून मिरवायचा प्रसंगच उरला नाही, ती विणणार कोण?

तरी दोरा तुटला नाही, आणि त्याचं श्रेय मोजक्या म्हाताऱ्या बायकांना. हायडा विणकर सेलिना पेराट्रोविच यांनी केचिकानमध्ये शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या वर्गात त्यांची मुलगी डोलोरेस चर्चिलही आली. पहिली काही वर्षं आईनं लेकीला तिच्या टोपल्या जाळून टाकायला लावल्या. माझ्याकडून शिकलीस असं सांगणार असशील तर काम तसं हवं, असा त्यामागचा हिशेब. डोलोरेस पुढे या कलेतलं सर्वांत मोठं नाव झाल्या. २००६ मध्ये त्यांना अमेरिकेचा लोककलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. सिटकाच्या त्लिंगित विणकर टेरी रोफकर यांना तोच सन्मान २००९ मध्ये मिळाला. त्या २०१६ मध्ये गेल्या.

डोलोरेस यांच्या कामातली एक गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. १९९९ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या वायव्य टोकाला शिकाऱ्यांना वितळत्या हिमनदीच्या कडेला एका तरुणाचे अवशेष सापडले. कित्येक पिढ्या तो बर्फात होता. ज्यांच्या मुलखात तो सापडला त्या चॅम्पेन आणि एशिहिक समाजानं त्याला क्वादाय दान त्सिन्ची, म्हणजे फार पूर्वीचा सापडलेला माणूस, असं नाव दिलं. त्याच्याजवळ खारीच्या कातड्याचं पांघरूण होतं आणि मुळांची विणलेली टोपी होती. पुढे जनुकीय तपासणीत त्याचे आज हयात असलेले सतरा नातेवाईक सापडले, आणि ते किनाऱ्यावरचे आणि आतल्या भागातले अशा दोन्हीकडचे होते. टोपी दबून, चुरगळून गेली होती. डोलोरेस यांनी ती अभ्यासली आणि तिची प्रतिकृती विणायला घेतली. प्रतिकृती करताना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हातानंच द्यावं लागतं: सुरुवात कशी केली, काड्या कुठे वाढवल्या, काठ कसा बंद केला. टोपी विणणाऱ्या बाईचं नाव कुणालाच माहीत नाही, पण तिनं कुठे काय ठरवलं हे ओळीओळीत नोंदलेलं असतं, आणि ते वाचायला दुसरी विणकरच लागते.

आजची अडचण पुन्हा जमिनीकडेच येते. अलास्काच्या या पट्ट्याचा बहुतेक भाग टाँगस राष्ट्रीय वनात मोडतो, अमेरिकेतलं सर्वांत मोठं राष्ट्रीय वन. १९५० च्या दशकात केचिकान आणि सिटका इथे कागदाच्या लगद्याचे कारखाने निघाले आणि मोठमोठे टापू सरसकट तोडले गेले. १९९० च्या दशकात ते कारखाने बंद पडले, पण तोडलेल्या जागी दाटीनं उगवलेल्या झाडांची मुळं एकमेकांत अडकलेली असतात. विणकरणीला हवी तशी लांब, मोकळी मुळं तिथे मिळत नाहीत. किनाऱ्यालगतच्या चांगल्या रेताड जागा बऱ्याचशा खासगी मालकीच्या झाल्या, तिथे आधी परवानगी मागावी लागते. शिकवणाऱ्या संस्था आहेत. जुनोची सीअलास्का हेरिटेज इन्स्टिट्यूट आणि केचिकानचं टोटेम हेरिटेज सेंटर वर्ग घेतात. पण वर्गात आलेल्या विद्यार्थिनीला पहिल्या दिवशी मुळं तयार करूनच द्यावी लागतात, आणि त्या मुळांमागचे दिवस कुणीतरी आधीच किनाऱ्यावर घालवलेले असतात.

अमेरिकेतली मराठी कुटुंबं हल्ली सिएटलहून अलास्काच्या क्रूझवर हौसेनं जातात, आणि ती जहाजं याच केचिकान, जुनो, सिटकाच्या धक्क्यांना लागतात. तेव्हा जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. धक्क्यासमोरच्या दुकानांत ‘नेटिव्ह’ म्हणून विकला जाणारा पुष्कळ माल बाहेरून आलेला असतो. अलास्का राज्याची ‘सिल्व्हर हँड’ ही रुपेरी हाताची खूण असेल तर वस्तू खरोखर तिथल्या मूळनिवासी कलाकारानं केलेली असते. खोटी बतावणी करणं १९९० च्या संघराज्य कायद्यानं गुन्हा आहे. खऱ्या मुळांच्या टोपलीची किंमत ऐकून धक्का बसेल, तळहातावर मावणारीही स्वस्त नसते. विकत घ्यायची नसेल तर सिटकाचं शेल्डन जॅक्सन म्युझियम किंवा जुनोचं राज्य संग्रहालय गाठा. तिथे टोपलीची आतली बाजू दिसेल अशा ठिकाणी उभं राहा. बाहेर रंग आणि आत नुसती वीण दिसली, तर ती त्लिंगित गवताची नक्षी. मग पट्ट्याची पायरी शोधा, आणि पाटीवर विणणारीचं नाव आहे का तेही बघा.